कानातलं पाणी

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. डावा कान अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर कधीच गेला होता, अगदी कानाशी येऊन ओरडलं तरच त्यात काही शिरायचं, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. एक कान माणसाला पुरतो. उजव्या कानाने मला मागच्या अंगणात चिंच पडलेली ऐकू यायची.

एके दिवशी सकाळी उठलो तर बायको चुलीपाशी बसून तोंड हलवत होती आणि आवाज नव्हता. आमची मंडळी धवलारीण. आमच्या जांभूळ गावात आणि आसपासच्या गावांत लग्न असलं की विधीची गाणी, म्हणजे धवले, तीच गाते. आदल्या दिवशी शिरगावला एका हळदीत गाऊन आली होती. मी म्हणालो, "बसला ना घसा? ओरडण्याला काही माप आहे का नाही?" आणि ज्येष्ठमधाचा तुकडा शोधून तिच्या हातावर ठेवला. तिने तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सुनेला हाक मारली. सून आतून धावत आली. म्हणजे घसा ठीक होता.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की कान गच्च भरलाय, आत कुकरची शिट्टी लागून राहिलीय, आणि उभं राहिलं की घर फिरतंय.

सुनेने रिक्षा केली आणि उल्हासनगरच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सिंधी, माझ्या मुलाच्या वयाचा. मला एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं, हे खुणेने सांगितलं. आवाज काही येत नव्हता, तरी मी मधूनमधून दाबत राहिलो. उगाच नापास कशाला व्हा. त्याने ते ओळखलं आणि हसला. मग सुनेशी बराच वेळ बोलला. बाहेर आल्यावर सून माझ्या डाव्या कानात ओरडली, "बाबा, आतल्या कानात पाणी साठलंय म्हणतात! गोळ्या आजच चालू करायच्या, उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत यायचं नाही! आणि मीठ बंद!"

त्यातला 'पाणी' हा शब्द मी धरला. उल्हास नदीत मी लहानपणापासून पोहतो. कानात गेलेलं पाणी कसं काढायचं हे मला डॉक्टरने शिकवायला नको. उन्हाने तापलेला धोंडा बघायचा, त्यावर कान टेकवायचा, मग मान तिरकी करून एका पायावर उड्या मारायच्या. गरम थेंब आपोआप बाहेर येतो. घरी आलो, गोळ्या सदऱ्याच्या खिशात तशाच, आणि सरळ नदीवर गेलो.

धोंडा चांगला तापलेला मिळाला. कान शेकला. तिसऱ्या की चौथ्या उडीला नदी डोक्यावर आली आणि आभाळ पायाखाली गेलं. मी रेतीत आडवा.

बायको मागोमाग आलीच होती. तिने मला बसवलं आणि माझ्या डाव्या कानाला तोंड लावलं. धवलारणीचा गळा तो, बहिऱ्या कानातही पोचला.

"नदीचं नाय ते पाणी! तुमच्या अंगातलंच हाय, पार आत! धोंड्याने निघंल काय?"

"मग पाणी कशाला म्हणतात? पाणी म्हटल्यावर मी पाणीच काढणार."

"काढा, काढा! नातीचं लगीन आलंय. मी धवले गाईन, तुमी ह्या धोंड्यावानी बसा मांडवात!"

आणि तो धोंडा उचलून तिने नदीत टाकला.

हे मात्र लागलं. तरुणपणापासून तिचं गाणं मी लोकांच्या मांडवात ऐकत आलो, आणि घरच्या मांडवात मी नुसता तिचं तोंड हलताना बघत बसणार? ते मला मंजूर नव्हतं. घरी येऊन दोन घास खाल्ले आणि पहिली गोळी घेतली. त्या दिवसापासून सुकट बंद, बोंबील बंद, लोणचं, पापड बंद. बिनमिठाच्या आमटीला चव म्हणून नसते, तरी ताटात टाकली नाही. हट्ट माझ्याकडे भरपूर आहे, तो ह्या कामाला लावला.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर कागदावर रेघ ओढून म्हणाला, "बाबा, थोडा वापस आया है. पूरा शायद नहीं आएगा."

मला ते ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "जेवढं येईल तेवढं माझं."

नातीच्या हळदीला मांडवात बायकोच्या शेजारीच बसलो, उजवा कान तिच्याकडे करून. तिने धवला धरला. वरचा सूर फाटक्या पत्र्यासारखा येत होता, शिट्टी मागे चालूच होती. पण शब्द येत होते. एकामागून एक ओळखीचे शब्द. आणि नवरीला हळद लावायच्या जागी ती एक ओळ सोडून पुढे गेली.

"अगं, ओळ खाल्लीस!" मी भर मांडवात ओरडलो.

गाणं थांबलं. बाया हसायला लागल्या. तिने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आला वाटतं कान! आता घरात काय बोलायची सोय नाय." मग मागे येऊन ती ओळ पुरी म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी खाट उचलली आणि पलीकडच्या भिंतीला लावली, म्हणजे पडल्यापडल्या उजवा कान चुलीकडे राहील. मग बिनमिठाची भाकरी मागितली.