आईने ऐकलेला पूर्वपक्ष

पुण्यात पेशव्यांचा अंमल होता तेव्हा मी कसब्यातल्या एका पाठशाळेत न्यायशास्त्र शिकत होतो. म्हणजे भांडायला शिकत होतो, असं माझे काका म्हणत. आणि पुण्यात त्यासाठी पाठशाळा कशाला हवी, असंही म्हणत. गुरुजींचा एक नियम होता. विरुद्ध बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडायची, ती अशी की ऐकणाऱ्याला खरीच वाटावी. दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थ्याने ती खोडायची. "ज्याला समोरच्याचं घर नीट बांधता येत नाही, त्याने ते पाडू नये," असं ते सांगत. मला दोन्ही कामं छान जमत आणि त्याचा मला ताठा होता.

वडील मोहिमेबरोबर उत्तरेत गेले ते परतलेच नाहीत. बरोबरचे आले. कोणी म्हणे तापाने गेले, कोणी म्हणे नदी उतरताना मागे राहिले. डोळ्यांनी पाहिलेलं कोणीच नव्हतं. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. तोवर बायको सवाशीण. बारा वर्षं सरली तशी काकांनी विधीची घाई सुरू केली. आई कुंकू पुसायला तयार होईना. शेवटी प्रकरण सभेपुढे गेलं.

सभा गुरुजींच्याच ओसरीवर भरे. पेठेतले जाणते गृहस्थ बसत, दोन्ही बाजू ऐकत, आणि मग एकेकाला मत विचारलं जाई. थोरला-धाकटा भेद नाही, प्रत्येकाच्या शब्दाचं वजन सारखं, याचा गुरुजींना फार अभिमान.

"वाद तूच कर. तुझंच घर आहे," ते मला म्हणाले. मला तो मान वाटला.

पहिल्या दिवशी मी पूर्वपक्ष मांडला: वडील जिवंत आहेत. धूर दिसत नाही एवढ्यावरून डोंगरावर विस्तव नाही असं ठरत नाही. मरण पाहिलं कोणी? सांगणाऱ्यांचं एकमेकांशी जुळत नाही. मृत्यूच सिद्ध नाही, तर ही बाई विधवा कशावरून? काका धोतराचा सोगा चाळवत बसले.

आई आतल्या खोलीत गुरुजींच्या पत्नीपाशी बसून ऐकत होती. बायकांना पाठशाळेची रीत कोण सांगणार? तिला वाटलं, निकाल लागला. मी कौतुक ऐकत रेंगाळून घरी पोचलो, तोवर ती शनिवारवाड्यापुढच्या मंडईतून अळू घेऊन आली होती. वडिलांना अळूची भाजी फार आवडे. वाढताना ती बोलत सुटली. त्यांचा प्रत्येक मुक्कामावरून निरोप यायचा, पुण्याकडे निघालेला जो भेटेल त्याच्या तोंडी. "एकदा तर नुसतं एवढंच सांगितलं होतं, की थंडी फार पडली आहे, तू शाल पांघरत जा." सांगताना ती हसली. तिला असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"आई, उद्या हेच मला खोडायचं आहे," मी म्हटलं.

"खोड की," ती म्हणाली. "खरं असेल ते कुठे खोडलं जातं?"

मला खोडायला आधार हवा होता, आणि तो जेवतानाच हाती लागला होता. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, जमिनीवर घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून तो नाही. जे असताना कळल्यावाचून राहत नाही, ते कळलं नाही तर नाहीच समजावं. बायकोने शाल पांघरावी म्हणून जो माणूस परमुलखातून निरोप धाडतो, तो जिवंत असता तर बारा वर्षं गप्प राहिला नसता. तेव्हा तो नाही. मंडळींनी माना डोलावल्या.

मग गुरुजींनी एकेकाला विचारलं. "गेले." "गेले." काका तेच म्हणाले आणि रडले, हेही सांगायला हवं. एकही मत विरुद्ध पडलं नाही. सर्वांच्या मते माझे वडील वारले होते. ओसरीवरच्या प्रत्येकाला विचारलं गेलं; आतल्या खोलीत कोणी विचारायला गेलं नाही.

मुठेकाठी पुतळ्याला अग्नी मीच दिला. पळसाची वाळकी पानं, त्यांना जळायला कितीसा वेळ लागणार? घरी आलो तेव्हा आईने कोणाची वाट न बघता आपल्या हाताने कुंकू पुसलं होतं. मी तिच्यापुढे बसलो.

"तुझं मला सगळं समजलं," ती म्हणाली. "माया होती, म्हणून ते नाहीत. पण उद्या ते दारात येऊन उभे राहिले, तर माया नव्हती असं समजायचं का मी?"