प्लग, पाटणकर आणि थोडा फरक

आमच्या हँगरमधले किस्से प्लगवरच्या काजळीसारखे आहेत. घासून साफ करा, पुढच्या शनिवारी परत तेवढेच साचलेले! आणि काजळी करणारे कोण? सगळे इंजिनियर. मी सोडून, कारण मी कॉलेज सोडलेलं.

नव्वदीतली गोष्ट. अमेरिकेत ट्रॉय गावाच्या बाहेर छोट्या विमानतळावर वॉल्टर नावाचा म्हातारा जुनी विमानं दुरुस्त करायचा, मी त्याच्याकडे कामाला. एक फार जुनं इंजिन आलं होतं, चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. बाबांनी जाहीर केलं, "नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत हे नीट चाललं, तर कॉलेजचा विषय बंद. नाही चाललं, तर जानेवारीत गुपचूप अ‍ॅडमिशन!"

आणि मग माझ्या "मदतीला" दर शनिवारी बाबा, वैद्य काका आणि मेश्राम काका यायला लागले. तिघंही गाड्यांच्या कंपनीत. झालं माझं कल्याण.

*

वैद्य काकांनी पहिल्याच दिवशी एक प्लग काढला, वायर जोडून इंजिनाच्या अंगावर आडवा ठेवला आणि मला प्रोपेलर फिरवायला लावला. लख्ख ठिणगी पडली.

"पास!"

"काका, उघड्यावर कुठलाही प्लग पेटतो. आत दाब असतो." मी तोच प्लग वॉल्टरच्या टेस्टरमध्ये लावला, हवेचा दाब दिला. ठिणगी गुल.

"मशीन बिघडलंय."

दुसरा प्लग लावला. झकास ठिणगी.

"बघ, मधूनमधून बिघडतं!"

काका ऑफिसात क्वालिटी डिपार्टमेंटचे हेड होते.

*

मेला प्लग शोधायची जुनी पद्धत अशी, की सिलिंडरमागे एकच प्लग चालू ठेवून इंजिन थोडं चालवायचं, बंद करायचं आणि कुठला सिलिंडर थंड राहिलाय ते बघायचं. मेश्राम काका नागपूरचे, डोकं शाबूत असलेले एकमेव. त्यांनी तव्यावर शिंपडतात तसं धुराड्याच्या प्रत्येक नळीवर पाणी शिंपडलं. चुर्र, चुर्र, चुर्र... आणि एक गप्प!

"डावीकडून तिसरा!" मेश्राम काका इंजिनाच्या मागून ओरडले.

वैद्य काका पुढून पाना घेऊन तयारच होते. त्यांनी चांगल्या सिलिंडरचे दोन्ही प्लग काढून टाकले.

"अरे, डावीकडून म्हटलं ना!"

"मी डावीकडूनच मोजलं!"

"माझ्या डावीकडून, यार!"

"तुमच्या का? सीनियर मी आहे!"

*

खंडेनवमी नेमकी शनिवारी आली. मी आठवडाभर घासूनपुसून, टेस्ट करून सगळे प्लग रॅकमध्ये लावले होते. हात धुऊन येतो तर वैद्य काकूंनी प्रत्येकाच्या नाकावर हळद-कुंकू लावलेलं, वर झेंडूची पाकळी. नुसतं लावलेलं नाही, चांगलं कालवून!

"काकू, आता वीज कुंकवातूनच पळेल, ठिणगी कुठली पडायला!"

"शुभ बोल रे. आणि आज हत्याराला हात लावायचा नाही."

मी मेश्राम काकांकडे बघितलं. ते बुद्धविहारात जाणारे, पूजाबिजा न मानणारे. म्हटलं, हे तरी पुसतील.

"मी मानत नाही," ते हळूच म्हणाले, "पण वहिनींनी डब्यात श्रीखंड आणलंय. जेवण होऊ दे."

*

पडलेला प्लग वापरायचा नाही, हा पहिला नियम. आतली चिनी माती तडकते, बाहेरून दिसत नाही. बाबांच्या हातून एक पडला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पँटला पुसला आणि परत रॅकमध्ये लावला.

"बाबा, पडलेला फेकायचा असतो."

"पडला म्हणून फेकायचा? मग तुझं काय करू?"

मी तो प्लग उचलला आणि त्यांच्या देखत कचऱ्यात टाकला. ते पुढच्या शनिवारी आले नाहीत. सगळ्यात जास्त काम त्याच शनिवारी झालं.

*

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शेवटचा शनिवार. बाबाही आले होते. वॉल्टर कॉकपिटमध्ये बसला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडत सुरू झालं!

पण खरी परीक्षा पुढे होती. प्लगना वीज देणारे दोन मॅग्नेटो असतात. एकेक बंद करून बघायचा. वॉल्टरनं डावा बंद केला, फेऱ्यांचा काटा जरासा खाली आला, आवाजही उतरला. उजवा बंद केला, तेवढाच.

"पडला की फरक!" बाबा माझ्या कानात ओरडले. आवाजात केवढा आनंद!

"थोडा पडायलाच हवा! अजिबात फरक पडला नाही, तर मॅग्नेटो बंदच झाला नाही, आत वायर तुटलीय समजायचं!"

वॉल्टरनं अंगठा दाखवला. इंजिन बंद झालं. एकदम शांत.

वैद्य काकांना राहवेना. "काय पाटणकर, हरलात! पोराचं कॉलेज गेलं की हो कायमचं!"

बाबा कोटाची बटणं लावत होते. "जाऊ दे. मला काही फरक पडत नाही."

मेश्राम काकांनी चिंधीला हात पुसले.

"मग वायर तपासून घ्या, साहेब."