दोन तांबड्या रेघांचा काठ

भामाबाईला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी एकदा नाव विचारलं होतं, तेही नवऱ्यानंच सांगून टाकलं. लग्न ठरलं तेव्हा ती आटपाडीच्या माळावर बापाची मेंढरं वळवत होती. गर्भाची पिशवी काढायचं ठरलं तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती, आणि आत डॉक्टर तिच्या नवऱ्याशी बोलत होते. दुखतंय तर काढून टाकू, म्हणाले. नवरा आकाराम व्हय म्हणाला, दीर व्हय म्हणाला. भामाबाई तेव्हा तिशीचीही नव्हती. बेंबीखाली एक वेडीवाकडी शिवण राहिली. थंडीत ती ओढायची. घरी आल्यावर सासू एवढंच म्हणाली, "कटकट मिटली."

घरात आकारामचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून तो घोंगडी विणायचा. लोकर पिंजायची, सूत कातायचं ते बायकांनी. मागावर बसायचं ते पुरुषानं. त्याच्या घोंगड्याच्या काठाला दोन तांबड्या रेघा आणि मधे एक पांढरी, बापाच्या आधीपासून चालत आलेली. बाजारात माणसं घोंगडं उलगडायच्या आधी काठ बघूनच म्हणायची, हे आकारामचं. सूत कुणाचं, हे कुणी म्हणत नसे.

मुलगा धनाजी, त्याची बायको राणी. राणी सांगलीत चित्रकला शिकलेली, गावच्या शाळेत शिकवायची. भामाबाईला ती फारशी आवडत नव्हती. भाकरी जाड करते आणि बघते फार, अशी तक्रार. एका बाजाराच्या दिवशी, पुरुष घरात नसताना, न्हाणीतून बाहेर येणाऱ्या सासूच्या पोटावरची शिवण राणीनं बघितली.

"आत्याबाई, एक विचारू?"

"इचार की. चुलीवरची भाकरी करपायची वाट बघतीस व्हय?"

"तुमच्या पोटाचा साचा घ्यायचाय मला. घोंगड्यात. प्रदर्शनात लावायला. तुम्ही न्हाई म्हणालात तर न्हाई."

भामाबाईनं एक सणसणीत शिवी दिली आणि चूल फुंकायला बसली. पण 'न्हाई म्हणालात तर न्हाई' हे चिलटासारखं कानाशी घोंघावत राहिलं. हाकललं तरी परत यायचं. पुढच्या बाजाराला पुरुष बाहेर पडले, तशी ती आपणहून बाजेवर आडवी झाली.

"कर काय करायचं ते. तोंड दिसाय न्हाई पायजे."

घोंगडं कडक व्हावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. राणीनं घरच्या घोंगड्याचा एक तुकडा दाट खळीत बुडवला, आंबटओला झाल्यावर सासूच्या उघड्या पोटावर बसवला आणि हातानं दाबत गेली. खळ आधी गार लागली, मग कोमट. इतका वेळ आपल्या पोटाकडं कुणी बघितल्याचं भामाबाईला आठवेना. डॉक्टरसुद्धा नवऱ्याकडं बघून बोलला होता. तुकडा वाळून उचलला तेव्हा त्यात तिचं पोट होतं, ढिलं, एका बाजूला ओघळलेलं. शिवणीच्या जागी राणीनं पांढऱ्या लोकरीचे टाके घातले.

सांगलीच्या प्रदर्शनात ते भिंतीवर लागलं. बाईचं नाव कुठंच नव्हतं. पण काळ्या लोकरीवर तांबडं खुलतं म्हणून राणीनं तुकड्याचा काठ तसाच ठेवला होता.

आकारामचा पुतण्या दादासो सांगलीत नोकरीला. त्यानं फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'काका, काठ आपलाच न्हवं?'

आकारामनं मोबाईल भामाबाईच्या तोंडापुढं धरला. "कुणाचं पोट हाय हे?"

राणी दारात उभी. भामाबाई म्हणाली, "माझं."

"आई, तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस," धनाजी ओरडला.

"तू आलास तवा झाकलंवतं का रं?"

"बिरोबाला घालतो आपण घोंगडी!" आकारामचा आवाज चिरकला. "त्याच्यावर बाईचं नागडं पोट?"

"लोकरीला इटाळ न्हाई, तुमीच सांगताय. बाळंतीण तिच्यावर निजवताय, मढं तिच्यावर ठिवताय. माझं पोटच तेवढं बाटवतंय व्हय?"

मग ती राणीकडं वळली. "आन तू गं! एवढं शिकलीस आन काठ ठिवलास? डोळं हायत का भोकं?"

तक्रार प्रदर्शनवाल्यांपर्यंत पोचली, त्यांचा राणीला फोन आला. घरच्यांचा विरोध असेल तर काम उतरवू, म्हणाले. सकाळी धनाजीनं जीप काढली, आकाराम आणि राणी बसले. भामाबाईला कुणी चल म्हटलं नाही. ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

दालनात कॉलेजची पोरं त्या पोटापुढं उभी होती. "गोणपाट शिवलंय गड्या," एक म्हणाला. दुसऱ्यानं ढेरी पुढं काढून त्याच्या शेजारी फोटो काढून घेतला. भामाबाईचा हात शिवशिवला. तिला राणीचाही राग आला, हसणाऱ्यांचाही, आणि टांगलेल्या त्या पोटाचाही, गप्प राहिलं म्हणून.

प्रदर्शनाच्या बाई लगबगीनं आल्या. आकारामला नमस्कार करून म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं, काका. खाली घेऊ?"

परत त्यालाच.

"काठ माझ्या मागाचा हाय," आकाराम म्हणाला. "माझ्या नावाचं हितं कायबी टांगायचं न्हाई."

उद्घाटनाची फीत कापलेली कात्री टेबलावर होती. भामाबाईनं ती उचलली. राणी "आत्याबाई!" म्हणेपर्यंत कात्री काठात शिरली होती. करकर आवाज करत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. खळीनं सूत धरून ठेवलं होतं, दोरा सुटला नाही. तांबड्या रेघांची पट्टी तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या. तुमचं नाव घरी न्या."

"आन हे?" आकारामनं भिंतीकडं बोट केलं.

"हे माझं हाय. उतरायचं का, मला इचारा."

आकारामनं विचारलं नाही. पट्टी खिशात कोंबली आणि जिन्याकडं निघाला. पोट भिंतीवर राहिलं.

भावकीनं त्यांच्या घरी येणं सोडलं. धनाजी राणीच्या हातचं जेवेना; भामाबाईही त्याला वाढेना. मग तो दादासोच्या आईकडं जेवायला लागला.

काही दिवसांनी आकाराम मागावर बसला. बाजारासाठी घोंगडं हवं होतं आणि सूत संपलेलं. अंगणात भामाबाईचा चरखा फिरत होता, टोपलीत सुताच्या गुंड्या रचलेल्या.

"ए भामे, सूत आण."

"ते राणीचं हाय. मी कातलं, तिला दिलं."

"माझ्या घरात राणीचं कसलं सूत?"

भामाबाईनं चरखा थांबवला नाही. "पायजे तर तिला इचारा. दिलं तर दिलं."

खड्ड्यात पाय सोडून आकाराम रिकाम्या मागापुढं बसून राहिला. राणी घरातच होती, हाकेच्या अंतरावर.