बाबांचा अडकित्ता

उभा जन्म उलटतपासणीत गेला माझा. 'भास झाला', 'आवाज आला' म्हणणाऱ्या भल्याभल्या साक्षीदारांना मी रडकुंडीला आणलंय. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. तरी हे लिहितोय... कारण जिच्याशी यावर बोलायचो, ती आई आता राहिली नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी नागपूरला लॉ करत होतो. सुट्टी लागली की रेल्वेनं जलंब, तिथून खामगाव आणि पुढे मिळेल त्या गाडीनं आमचं गाव, पिंपळगाव राजा. हातपाय धुतले की बाबा बाजेवर सुपारी कातरत म्हणायचे, "हं, वकीलसाहेब! काय शिकून आले? सांगा."

बाबा शाळेत गेलेले नव्हते. एकदा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणापायी खामगावच्या कोर्टात उभे राहिले होते. सगळं इंग्रजीत चाललं. "जिकलो म्हणे! पण कशानं जिकलो, हे मले आजलोक कोणी सांगतलं नाही," असं हसत सांगायचे, पण ते त्यांना फार लागलं होतं. त्यांची एकच इच्छा होती. पोरानं कोर्टात असं बोलावं, की मागच्या बाकावरच्या शेतकऱ्यालाही कळलं पाहिजे. म्हणून मी त्यांच्यापुढे धडा मोठ्यानं मांडायचो. कळलं नाही तर ते बोलायचे नाहीत. अडकित्ता बाजेच्या लाकडावर वाजवायचे. ठक् ठक्. मग चुलीपासून आई ओरडायची, "समजलं नाही त्याईले! पुन्हा सांग!"

मी शेवटच्या वर्षाला असताना हिवाळ्यात बाबा गेले. तार मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरवी झाल्यावर ताईनं त्यांचा अडकित्ता आठवण म्हणून आपल्या सासरी, संग्रामपूरला नेला. आणि मी ठरवलं — परीक्षा द्यायची नाही. कापूस वेचायचा होता, आई एकटी होती... ही कारणं खोटी नव्हती. पण खरं म्हणजे, ज्याच्यासाठी शिकत होतो तोच माणूस उरला नव्हता.

एका दुपारी मी ओसरीवर पुस्तकं पेटीत भरत होतो. पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक हाती लागलं. उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं इंग्रजी वाचायला लागलो.

ठक् ठक्.

"समजलं नाही त्याईले! पुन्हा सांग!" आतून आई.

आत भाकरी थापल्याचा आवाज एकदम बंद झाला. आई पिठाच्या हातानं दारात आली. ओसरीवरची बाज रिकामी होती.

"तुले बी आलं आयकू?" तिनं हळूच विचारलं.

"हाव."

भ्याली नाही हो ती! उलट कित्येक दिवसांनी तिचा चेहरा खुलला. तशीच उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "मंग थांबला काऊन? सांग ना बाप्पा. ते वाट पाहून राह्यले."

मी बाजेकडे तोंड केलं. "बाबा, एखाद्या माणसाची सात वर्षं काहीच खबर आली नाही... ज्याईले खबर लागाले पाहिजे, त्याच्या घरच्याईलेही लागली नाही... तर तो मेला, असं कोर्ट धरते."

आई पदर तोंडाला लावून रडत होती. मी बराच वेळ थांबलो, पण पुन्हा काही वाजलं नाही. म्हणजे त्यांना समजलं होतं.

पेटीतली पुस्तकं बाहेर काढली, परीक्षा दिली, पास झालो. खामगावला वकिली केली आणि जमेल तिथं मराठीतच बोललो.

तुम्ही म्हणाल, भास झाला असेल, खिडकी आपटली असेल, नाहीतर सुतारपक्षी असेल. मीही साक्षीदाराला हेच विचारलं असतं. पण भास असता, तर आईनं आणि मी, दोघांनीही एकदमच कसं ऐकलं? अन् दुसरा कसला आवाज असता, तर नेमका मी इंग्रजी वाचतानाच कसा आला? अन् अडकित्ता तर संग्रामपूरला!

त्यानंतर अशी कितीतरी सात वर्षं गेली. बाबांची काही खबर नाही. आता आईही नाही. बाज मात्र मी कोणाला मोडू दिली नाही. अजून कधी दुपारी तिच्यासमोर बसून अवघडातलं अवघड इंग्रजी मोठ्यानं वाचतो... आणि मध्येच थांबून कान लावतो.

त्यांना समजू नये, एवढंच वाटतं.