साहेबांची तमिळ शिकवणी

मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेचा वास आला की मला आमचे साहेब आठवतात. वीसेक वर्षांपूर्वी ते पुण्याहून बदली होऊन तमिळ मुलखात, आमच्या अंबत्तूरच्या ऑफिसात आले. माझं मराठी तंजावरचं, जुन्या वळणाचं. ते ऐकून साहेब टेबलावर थाप मारून हसायचे आणि म्हणायचे, "पुन्हा बोला बाई, सगळ्यांना ऐकू द्या." मीही मूर्खासारखी पुन्हा बोलायचे. मग एका रविवारी दुपारी, पार्टीहून परतताना, दारू पिऊन गाडी चालवली म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं. दुसऱ्या दिवशी जॉर्ज टाउनच्या कोर्टात हजर व्हायचं होतं आणि तमिळ येत नव्हतं, म्हणून मला सोबत नेलं. आदल्या दिवशीच्या दारूचा वास येईल या भीतीने साहेबांनी तोंडात लवंगा कोंबलेल्या. "काय करू हो बाई?" त्यांनी विचारलं. "खोटं बोलू नका. सरळ कबूल करा, तेही तमिळमध्ये," मी म्हटलं आणि वाक्य शिकवलं: "कुडिच्चुट्टु वंडि ओट्टिनेन, तप्पु." दारू पिऊन गाडी चालवली, चूक झाली. भर व्हरांड्यात, पोलीस, वकील, रिक्षावाल्यांच्या देखत, मी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं. "पुन्हा बोला साहेब, सगळ्यांना ऐकू द्या." लोक पोट धरून हसत होते. वीस वेळा तरी म्हणायला लावलं. आत मॅजिस्ट्रेट त्यांच्याशी इंग्रजीतच बोलले. ऑफिसच्या केसेससाठी मी तिथे नेहमी जायचे, त्यामुळे आत तमिळ लागत नाही हे मला आधीच ठाऊक होतं. आता माझी साठी उलटली. पश्चात्ताप एकाच गोष्टीचा होतो: वीस वेळा फार कमी झालं.