डाव्या हाफची जागा

पिराजी शिंप्यानं आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावला नव्हता. चौथ्या वर्षी आलेल्या तापात त्याचा उजवा पाय वाळला तो वाळलाच. पण शिवाजी पेठेतल्या त्याच्या तालमीचा फुटबॉल संघ मैदानात कसा उभा राहणार, हे मात्र त्याच्याच दुकानात ठरायचं. कापड बेतायच्या मेजावर तो खडूनं मैदान आखायचा आणि बटणं मांडायचा. एक गोली, त्याच्यापुढं दोन बॅक, मधे तीन हाफ, पुढं पाच फॉरवर्ड.

तेव्हा कोल्हापुरात सगळेच संघ असे उभे राहत. मग एक जिंकतो आणि दुसरा हरतो कशानं? लोक म्हणत, दमानं, खुराकानं, नाहीतर अंबाबाईच्या मनात असेल त्यानं. पिराजीला हे पटत नसे. मैदानाच्या बांधावर काठी आडवी घालून तो बसायचा आणि घरी आला की कापड बेतायच्या खाकी कागदामागं लिहून काढायचा. कोण कुणाच्या शेजारी होता, चेंडू कुणाकडून कुणाकडं गेला, गोल कुठल्या बाजूनं झाला. संस्थान विलीन झालं त्या वर्षापर्यंत असे तीन गठ्ठे झाले. बायको चिमणाबाई वैतागून म्हणायची, "गिऱ्हाइकाचं माप इसरतासा, आन् हे बरं ध्यानात ऱ्हातंय."

त्या कागदांतून पिराजीला एक गोष्ट उमगली. गडी चांगला की वाईट, यापेक्षा तो कुणाच्या शेजारी उभा आहे यावर खेळ ठरतो. त्याला पक्की साक्ष होती ज्ञानूची.

ज्ञानू गुळाच्या लॉरीवर क्लीनर होता. अंगानं किडकिडीत, बोलणं बेताचं. एकटा खेळताना कुणी त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघितलं नसतं. पण कप्तान बाळासो मधला हाफ आणि ज्ञानू डावा हाफ, असे दोघं शेजारी आले की डावीकडून मुंगी जायची नाही. बाळासोनं नुसती मान वळवली तरी ज्ञानूला पुढचं कळायचं. एकदा पिराजीनं ज्ञानूला पुढं फॉरवर्डला घालून बघितलं. दोघंही खुळ्यासारखे पळत राहिले आणि संघ तीन गोलांनी हरला. त्यानंतर पिराजीनं ती जोडी कधी मोडली नाही.

बावन्न सालच्या जानेवारीत ज्ञानूची लॉरी मलकापूरच्या पुढं घाटात दरीत गेली आणि ज्ञानू जागीच संपला. चौथ्या दिवशी सामना होता. पिराजीनं राखीव गडी हंबीरचं नाव सुचवलं, तर बाळासो मेजावर मूठ आपटून म्हणाला, "मास्तर, त्याच्या जागंवर कुणी हुबा ऱ्हायचा न्हाय. धा जण खेळू."

"आरं, केवढं भगदाड पडंल."

"पडू दे की!"

दहा जण उतरले. समोरच्या संघाला डावीकडचं भगदाड दिसलंच. त्यांचा उजवा फॉरवर्ड चेंडू घेऊन तिकडं सुसाट निघाला. पुढं कुणी नव्हतं. पण मोकळ्या जागेच्या तोंडाशी येताच तो बिचकला, वाट अडवल्यासारखा आत वळला आणि नेमका बाळासोच्या पायात चेंडू देऊन बसला. पहिल्यांदा लोक हसले. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा हसणं थांबलं. हाफटाईमला बाजू बदलल्या, तशी ती मोकळी जागाही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथंही तेच. तालीम एका गोलानं जिंकली.

पिराजीनं स्वतःला समजावलं. रिकामी जागा बघून माणसाला वाटतं, इथं काहीतरी डाव आहे, म्हणून तो बिचकतो. बाळासोला ते ठाऊक असतं, म्हणून तो आधीच तिथं असतो. एवढंच. त्यानं तसं कागदावर लिहिलंही.

पुढचा सामना मिरजेच्या संघाशी होता. तालमीनं परत दहाच उतरवले आणि परत जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संघातला एक खेळाडू शर्टाला बटण लावून घ्यायला दुकानात आला. पिराजी सुई ओवत होता. खेळाडू म्हणाला, "मास्तर, तुमचा तो डावीकडचा गडी कोण वो?"

"कंचा?"

"बारीक हाय बघा. अंगावर येतोय, पण पाय लावत न्हाय. नुसता आडवा हुबा ऱ्हातोय. कपाळाला लागलंय त्याच्या, तरी खेळतोय म्हंजे कमाल हाय."

पिराजीच्या बोटात सुई गेली. "पावणं, आमचे धाच हुते की."

मिरजेचा खेळाडू हसला. "थट्टा करताय व्हय? मी काय आंधळा हाय?" बटण लावून झाल्यावर तो निघून गेला. हे पिराजीनं कुणाला सांगितलं नाही. ज्ञानूला दरीतून वर काढलं, तेव्हा पिराजी तिथं होता. कपाळाची जखम त्यानं स्वतः बघितली होती.

संघ आता फायनलला होता. तालमीत तर जत्रा भरल्यासारखं झालं होतं. सामन्याआधी डाव्या हाफच्या नावानं नारळ फुटू लागला. खेळाडू डावीकडं बघून हळूच हसायचे. बाळासो तर चालू खेळात तिकडं तोंड करून "सोड, सोड" म्हणायचा. दुकानात पिराजी मेजावर दहा बटणं मांडायचा. नजर वळवून परत बघायचा, तर अकरा असायची. आपलाच हात सवयीनं ठेवत असणार, असं तो मनाशी म्हणायचा. पण अकरावं बटण दर वेळी थोडं कलतं असायचं, धाव घेण्याआधी ज्ञानू कलायचा तसं.

फायनलच्या आदल्या दिवशी, दुपारच्या उन्हात ज्ञानूची आई अंबूबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. चिमणाबाईनं पाणी दिलं. म्हातारीनं तांब्या बाजूला ठेवला.

"पिराजी, माझ्या ल्योकाला किती पळिवतासा रं?"

पिराजीनं हातातली कात्री खाली ठेवली.

"ज्या दिशी सामना आसतोय, त्या दिशी सांजच्याला त्यो घरला येतोय. दिसत न्हाय. पर उंबऱ्यात मातीचं पाय उमटत्यात. माझ्या उशाला बसून धापा टाकतोय. लई दमलाय बाबा त्यो. जित्तेपणी लॉरीवाल्यानं दमिवलं, आता तुमी दमिवतासा. त्याला बसू दे आता. मी पाया पडतो तुझ्या."

"आवं मावशी, आमी त्याला बोलिवलंय कुठं?"

"बोलिवलं न्हाय, पर जागा धरून ठेवलीया न्हवं?"

ती गेली. पिराजी अंधार पडेपर्यंत मेजापाशी बसून राहिला. हंबीरला त्या जागी उभा करावा, तर हंबीर आधीच हात जोडून मोकळा झाला होता. दुसरंही कुणी पाय ठेवायला तयार नव्हतं. ठेवला असता तरी काय? जागा आहे तोवर ज्ञानू येणारच. मग पिराजीला बेळगावला बघितलेला एक लष्करी संघ आठवला. ते लोक मधल्या हाफला मागं ओढून तीन बॅक करत. उरलेले दोन हाफ मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या जवळ उभे. दोन फॉरवर्ड थोडे मागं. त्या मांडणीत डावा हाफ नावाची जागाच नव्हती.

त्यानं तशी बटणं मांडली. अकरा मांडून तो बराच वेळ बघत राहिला, पण जास्तीचं बटण आलं नाही. जुन्या जागेवर खडूची धूळ तेवढी होती.

बाळासो ऐकून भडकला. "मास्तर, खूळ लागलं का? जिकायलोय आपण!"

"बाळासो, त्यो मेलाय."

"मला ठावं न्हाय व्हय?"

"मग त्याला हाफ कशाला खेळिवतोस? तुझ्या शेजारची जागा मोडल्याबिगर त्यो जाणार न्हाय. तू मागं सरक. तू सरकलास की त्याला शेजार उरत न्हाय." अंबूबाईचं बोलणं त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

बाळासो मेजाची कड धरून उभा राहिला. मग बाही तोंडाला लावून रडला. संघात त्याला तसं कुणी कधी बघितलं नव्हतं.

फायनलला अकरा जण उतरले. हंबीर मध्यावर होता. पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ. कुणी कुणावर आपटत होतं, बाळासोला मागं राहायचं भान राहत नव्हतं. पाय सवयीनं पुढं जायचे आणि मान डावीकडं वळायची. दोन गोल बसले. लोक पिराजीला शिव्या देऊ लागले. एकानं खडा मारला.

हाफटाईमनंतर बाळासो मागं ठाम उभा राहिला. तेव्हा पिराजीनं ते बघितलं. चेंडू दूर उजवीकडं होता, सगळे गडी तिकडं होते, वारा पडलेला. आणि डावीकडं, जिथं आता कुणाचीच जागा नव्हती, तिथं मातीत धुरळ्याची एक रेघ उठली. ती दोन पावलं पुढं आली. थांबली. बाळासोकडं बघावं तशी काही क्षण तिथंच तरंगली. बाळासोनं वळून बघितलं नाही. मग ती रेघ सावकाश बांधाच्या दिशेनं गेली आणि विरली.

तालमीनं एक गोल फेडला, पण सामना दोन-एकनं गेला.

वर्षभर पिराजीला तालमीत कुणी चहाला बोलावलं नाही. बाळासो तेवढा अधूनमधून दुकानात येऊन बसायचा, पण त्या दिवसाबद्दल दोघं बोलले नाहीत. पुढं तीन बॅकची मांडणी शहरात हळूहळू सगळ्यांनीच उचलली आणि तालमीला हरवलं म्हणून शिव्या खाल्लेला पिराजीच शहाणा ठरला. बाकीच्या पेठांतले कप्तानही पिराजीकडं येऊ लागले. तो सगळ्यांना मेजापाशी बसवून घ्यायचा, कोण कुणाशेजारी शोभतो ते सांगायचा. पण खडू हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा.

"तुमच्यातलं कोण गेलंय का एवढ्यात?"

कप्तान हो म्हणाला, तर पिराजी खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मग वरीस झाल्यावर या."