उजव्या हाताची जागा

"मी गानी बोलायला गेल्ते, बगायला नाय," असं म्हणत काकी डाव्या कानावरचा पदर नीट ओढून घेत आणि विषय संपवत.

विषय संपल्याचं दुःख मला व्हायचं. दुसऱ्याच्या लग्नातल्या भांडणांची मला भारी आवड. खोटं कशाला बोलू, तुम्हालाही असेलच. आणि काकींकडे तर त्यांचा साठा असणार. जुईनगर स्टेशनापलीकडच्या गावात त्या धवलारीण होत्या, म्हणजे आगरी लग्नात विधीविधीला धवले गाणारी बाई. दोन-दोन दिवस लग्नघरी मुक्काम. कोण रुसलं, मानाच्या साडीवरून कोण ताटावरून उठलं, सगळं त्यांच्यासमोर घडणार. तळमजल्यावर त्या राहायच्या आणि वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. त्यातल्या एका खोलीत मी पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला होते तोवर राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एक भांडण मला काढता आलं नाही.

गाताना त्यांची नजर सुपातल्या तांदळांवर असायची, वर म्हणून बघायच्या नाहीत. एकदा बाजारात एका तरुण मुलानं वाकून नमस्कार केला. काकींनी विचारलं, "लगीन जालं का रं तुजं?"

तो म्हणाला, "काकी, तुमीच गायला होता की."

काकींनी घराचं नाव विचारलं, जरा आठवलं आणि म्हणाल्या, "हां, हां. तांदूल चांगला होता तुमचा."

मी हसून हसून हातातली कोथिंबीर सांडली. काकींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

कधीकधी मागून हाक मारली तर त्या ओ देत नसत. आम्ही भाडेकरू म्हणायचो, बाईंची तंद्री लागली. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो होता. देवळाच्या सभामंडपाला त्यांनी जागा दिलेली, त्यामुळे गाव अजून त्यांना शेठ म्हणायचं.

मुलगी एकच, भाविका. आईचा गळा घेऊन ती डीजेवर गेली. तिची हळदीची गाणी पनवेलपासून भिवंडीपर्यंत वाजायची. मग ती मोबाइलवर प्रसिद्ध झाली आणि मग त्या कार्यक्रमात तिची निवड झाली. कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. तुम्ही पाहत नसलात तरी तुमचे शेजारी पाहतात. नावाजलेली माणसं एका घरात कोंडायची, चारी बाजूंनी कॅमेरे लावायचे आणि त्यांचे तंटे रोज रात्री जेवताना घरोघर बघायचे.

निघायच्या संध्याकाळी मायलेकी दारापुढच्या पायरीवर बसल्या होत्या. भाविका लहानपणापासून आईच्या उजव्या हाताला बसायची, तशीच बसली होती. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते.

"आई, बघशील ना मला?"

"नाय बगनार. लोकांची घरा बगितली नाय मी, तर तुजं कशाला बगू? तू परत आलीस का तुज्या तोंडानं सांग. मी आयकीन."

भाविका हसली. "सगळं सांगायला लावशील."

"सगलं सांग. मना काय घाई हाय?"

गावानं नाक्यावर बॅनर लावला, त्यावर मायलेकींचे फोटो. देवळापुढे मोठा पडदा लागला. पहिल्या दिवशी काकींच्या हातून पडद्यापुढे नारळ फोडला. कार्यक्रम सुरू झाला तशा त्या उठल्या आणि घरी गेल्या. घरातला टीव्हीही त्यांनी झाकून ठेवला. गावाला हे आवडलं नाही. आईच बघत नाही तर आपण मतं कशाला द्यायची, असं पोरं उघड बोलू लागली. काकींनी गुपचूप आपला फोन माझ्याकडे दिला. "मत टाक रोजच्या रोज. मना दाखवू नको म्हंजे जालं."

मी मत टाकायची. आणि बघायचीसुद्धा, रोज.

एका आठवड्यात भाविका बाहेर पडणार अशी बोलवा होती. त्या रात्री त्या घरात सगळ्यांना गोल बसवून आयुष्यातलं दुःख सांगायला लावलं. भाविकाची पाळी आली तेव्हा तिनं सांगितलं, की तिच्या आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. भाविका लहान असताना बापानं दारूच्या नशेत आईच्या त्या कानावर मारलं होतं. आईनं हे कुणाला कळू दिलं नाही, आणि पदराखाली तो कान झाकून आई लोकांच्या लग्नांत गात राहिली. बोलता बोलता ती ढसाढसा रडली. पडद्यापुढे अख्खं गाव बसलं होतं. भाविका त्या आठवड्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी मी काकींबरोबर डेअरीवर गेले. दुकानदार गल्ल्यावरून उठून त्यांच्या उजव्या बाजूला आला आणि मोठ्यानं विचारलं, "काय देऊ, काकी?" वाटेत दोघी-तिघी थांबल्या. त्याही वळसा घालून उजवीकडेच उभ्या राहिल्या. त्यांच्या नजरेत इतकी कीव होती, की मला दुधाची पिशवी टाकून पळून जावंसं वाटलं.

दाराशी आल्यावर काकी म्हणाल्या, "आज सगली याच बाजूला का येतान गं, बाय?"

मी काही बोलायच्या आत त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. पदर होता जागेवर. मग त्यांनी आत फोटोकडे पाहिलं.

"तू नको सांगू," त्या म्हणाल्या. "ती येईल. ती सांगेल मना."

त्या दिवसापासून लग्नांची आमंत्रणं वाढली. काकी एकाच लग्नाला गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "मी तांदलाकडं बगते आनि सगला मांडव माज्या कानाकडं बगतो." त्यानंतर त्या गायला गेल्या नाहीत.

भाविका जिंकली नाही, पण नाव झालं. गावानं वाजतगाजत आणलं. काकी आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. भाविकाबरोबर कॅमेरावाला होता. ती सवयीनं आईच्या उजवीकडे जायला लागली, तर त्यानं हातानं खूण केली, तिकडून ये, उजेड तिकडे आहे. ती डावीकडून आली. आईच्या गळ्यात पडली, पदराशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी बोलली आणि रडली. कॅमेरावाला म्हणाला, "मस्त." तिला संध्याकाळीच एका उद्घाटनाला जायचं होतं. जेवायला थांबली नाही.

दार लागल्यावर काकींनी मला विचारलं, "काय बोलली ती?"

मला कळलं नव्हतं. डीजे चालू होता.

तो व्हिडिओ खूप चालला. भाविका आईला काय म्हणाली ते म्हणे त्यात खाली लिहून येतं. वरच्या मजल्यावरची एक पोरगी दाखवायला आलीसुद्धा. काकींनी तिचा फोन हळूच खाली केला. "ती सांगेल परत." मीही तो व्हिडिओ पाहिलेला नाही. काकींच्या आधी मला कळावं हे मला सहन झालं नसतं.

भाविका शूटिंगला सोयीचं म्हणून अंधेरीला राहते. फोन येतात, घाईचे. अशी गोष्ट फोनवर कशी सांगणार, असं काकीच मला समजावतात.

मागच्या महिन्यात मी उलव्याला राहायला गेले. सामान टेम्पोत चढलं, मी निरोप घ्यायला खाली आले. काकी पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या उजव्या हाताला बसायला वाकले, तर त्यांनी तिथे तळवा ठेवला.

"हितं नको, बाय. तिकडं बस."

मी डावीकडे जाऊन बसले. जाताना बोलायचं ते सगळं तिथूनच बोलले. काकी रस्त्याकडे बघत मान हलवत होत्या, आणि त्यांचा हात अजून त्या जागेवर होता.